म्हाताऱ्यांची सेवा कोण करणार? पंचेचाळिशीनंतरच्या बायांनी समजून घ्यावं असं काम

भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, लाखांदूर आणि पवनी, सातही तालुक्यांतल्या बचत गटांना आमचा नमस्कार.

आज आपण दोन गोष्टींबद्दल बोलणार आहोत. पहिली गोष्ट अशी, की गावात खाटेला खिळलेले, आधाराशिवाय चालता न येणारे म्हातारे वाढत चालले आहेत आणि त्यांचं करायला माणूस मिळत नाही. दुसरी गोष्ट अशी, की पंचेचाळीस-पन्नाशी ओलांडलेल्या बाईला काम मिळत नाही. आम्ही गटांच्या बैठकांना जातो तेव्हा या दोन्ही तक्रारी एकाच सतरंजीवर बसलेल्या बायांकडून ऐकतो. एक म्हणते, "सासऱ्याला लकवा झाला, घर सोडून मजुरीला जाता येत नाही." तिच्या शेजारची म्हणते, "हातपाय धड आहेत, पण मुकादम बोलावत नाही." दोघींची गरज एकमेकींच्या उपयोगाची आहे. मग ती जुळत का नाही, आणि जुळवायची तर कोणत्या अटींवर, हे आज समजून घेऊ.

आधी कामाचं बघू. आपला जिल्हा धानाचा. पावसाळ्यात रोवणा, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग चुरणा. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. बाकी दिवस सुपात पान-तंबाखू घेऊन घरबसल्या बिड्या वळायच्या. आपल्या आयांची आणि सासवांची अर्धी जिंदगी अशीच गेली. आता बिडीचं काम पूर्वीसारखं राहिलं नाही. कापणीला आणि चुरण्याला हार्वेस्टर बांधीत उतरतो. रोवणा गुत्त्यानं दिला जातो आणि गुत्ता घेणारी टोळी तरण्या बायांनाच आधी घेते, कारण गुत्त्यात जितकं उरकेल तितका पैसा. दिवसभर चिखलात वाकून गुडघे दुखायला लागलेली बाई मागे पडते. ती आजारी नाही. ती पहाटे उठून घरचं सगळं करते, नातवंडांना शाळेत पाठवते. पण मजुरीच्या बाजारात तिचं 'वय झालं'.

सरकारी योजनांचं दारही याच वयात अरुंद होतं. अटल पेन्शन योजनेत नाव घालायचं तर वय ४० पर्यंतच. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत वयाची अट १५ ते ३५ आहे, बायांसाठी ती ४५ पर्यंत वाढवली आहे. आणि श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन सुरू होतं ते ६५ व्या वर्षी. म्हणजे शिकायला उशीर झाला आणि पेन्शनीला वेळ आहे, अशी वीस वर्षं बाईच्या आयुष्यात येतात. विधवा किंवा निराधार असेल तर संजय गांधी योजना आहे, आणि सध्या ६५ पर्यंत लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये आहेत. पण १,५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये. त्याचा हातभार लागतो, पोट चालत नाही.

आता म्हाताऱ्यांचं बघू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर शंभर माणसांमागे दहाच्या जवळपास माणसं साठी ओलांडलेली होती. दीड हजार वस्तीच्या गावात तेच प्रमाण धरलं तर असे दीडशे जण होतात. सगळेच काही अंथरुणावर नसतात. कितीतरी आजोबा अजून बांधीवर जातात. पण लकवा, मोडलेलं खुब्याचं हाड, गेलेली नजर, विसरभोळेपणाचा आजार, यांतलं एक जरी घरात आलं तरी त्या माणसाजवळ रात्रंदिवस कोणीतरी लागतं. मुलं नागपूरला, पुण्याला, हैदराबादला कामाला गेलेली. ते मोबाइलवरून पैसे पाठवतात. पैसे एका क्षणात पोहोचतात, पण कूस बदलायला, संडासला धरून न्यायला मोबाइलमधून हात येत नाहीत.

मग हे सगळं येतं घरातल्या बाईवर. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये लोकांच्या दिवसाचा हिशेब घेतला. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे पाच तास जातात असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं. आणि म्हाताऱ्यांचं, लेकरांचं, आजाऱ्यांचं करण्याचा वेळ यात धरलेला नाही, तो वेगळा. सून एकटी असली, तिची मजुरी बुडाली, कंबर गेली, की ती चिडते. मग लोक म्हणतात सून वाईट. आम्ही म्हणतो, चोवीस तासांचं काम एका माणसाच्या अंगावर टाकलं तर कोणीही वाईटच दिसेल.

ही अडचण फक्त आपल्या गावाची नाही. जपानमध्ये आज शंभरातले एकोणतीसच्या आसपास लोक ६५ च्या वरचे आहेत आणि त्यांची काळजी घ्यायला माणसं पुरत नाहीत. जर्मनीतही तेच. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. दहा हजार कुशल तरुण तिकडे पाठवायचं ठरलं आणि त्या यादीत परिचारिका आणि रुग्णांची काळजी घेणारेही आहेत. आपली लेकरं शिकून तिकडे जात असतील तर आनंदच आहे. पण यातून एक गोष्ट आपण शिकू या. म्हाताऱ्या माणसाला नीट धरणं, जेवू घालणं, स्वच्छ ठेवणं, याला जगात हुनर मानतात आणि त्याचा पगार देतात. आपल्याकडे त्याच कामाला 'पुण्य' म्हणतात आणि पैशाची गोष्ट काढली की तोंड वाकडं करतात.

सेवा पुण्याचं काम आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण मास्तर शिकवतात, डॉक्टर तपासतात, तेही पुण्याचंच काम आहे. त्यांना आपण पगार देतो. मग जी बाई दुसऱ्याच्या आईचं अंग पुसते, तिनंच फुकट का करावं? आणखी एक खरी गोष्ट बोलायला हवी. हे काम घाणीचं म्हणून हलकं मानलं जातं. कोणाच्या हातचं पाणी चालेल आणि कोणाला चुलीपाशी येऊ द्यायचं, हे अजून काही घरांत विचारलं जातं. जी बाई तुमच्या वडिलांचं अंथरूण स्वच्छ करते, ती तुमच्या घरात पाणी पिणारच. गटानं कोणत्याही घरी बाई पाठवण्याआधी ही गोष्ट स्पष्ट बोलून घ्यावी.

हे काम मायेनं होतं, पण नुसत्या मायेनं होत नाही. त्यात शिकण्यासारखं खूप आहे. थोडक्यात सांगतो.

अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. तसं केलं नाही तर टाच, खुबा, माकडहाड, खांदा, कोपर या जागी आधी लाली येते आणि मग जखम होते. लाल झालेली जागा चोळायची नाही. तिच्यावर भार येऊ द्यायचा नाही आणि लगेच आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या सिस्टरना सांगायचं.

जेवण नेहमी उठवून, पाठीला आधार देऊन द्यायचं. निजलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं. लकवा झालेल्याला गिळायला त्रास होतो, म्हणून घास छोटा हवा आणि घाई नको. जेवणानंतर अर्धा तास तरी बसतं ठेवायचं.

उचलताना हाताला धरून ओढायचं नाही, म्हाताऱ्या माणसाचा खांदा निखळतो. आपण गुडघ्यात वाकायचं, पाठ ताठ ठेवायची आणि दोघींनी मिळून चादरीसकट सरकवायचं. असं केलं नाही तर वर्षभरात सेवा करणारीच अंथरुणाला लागते.

विसरभोळेपणाचा आजार असलेल्या आजी "मला माहेरी जायचंय" म्हणाल्या तर "तुमचं माहेर कधीच संपलं" असं सांगून वाद घालायचा नाही. माहेरच्या गोष्टी विचाराव्या, त्या बोलता बोलता शांत होतात.

औषधं डॉक्टरांनी लिहून दिली तेवढीच द्यायची, आणि कधी दिली ते वहीत लिहायचं. सुई टोचणं, सलाइन लावणं, लघवीची नळी घालणं, गोळी कमी-जास्त करणं, ही कामं आपली नाहीत. घरच्यांनी आग्रह केला तरी नाही.

आणि हे पाठ करून ठेवा: तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात वर होईना, जीभ जड झाली, तर संध्याकाळची वाट बघायची नाही. लगेच १०८ ला फोन करायचा. लकव्याची गाठ विरघळवण्याचं औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. पडलेल्या आजींना खुब्यात कळ येत असेल तर चालवून बघायचं नाही.

बघा, यातलं निम्मं तुम्हाला आधीच येतं. सासूचं केलं, आईचं केलं, बाळंतपणं केली. पण येतं असं नुसतं म्हणून बाजार मानत नाही, कागद लागतो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या चौथ्या टप्प्यात अनुभवातून आलेल्या कौशल्याची पारख करून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे आणि तिला वयाची मर्यादा १८ ते ५९ ठेवली आहे. आपल्यासाठी हीच वाट उघडी आहे. घरी जाऊन रुग्णाची काळजी घेणाऱ्यांसाठी 'होम हेल्थ एड' असा अभ्यासक्रमही आहे. एकटीदुकटी बाई विचारायला गेली तर "बघू" म्हणतात. ग्रामसंघाचा ठराव, त्यावर वीस-पंचवीस बायांची नावं आणि वयं, असा कागद घेऊन उमेदच्या तालुका कक्षात किंवा माविमच्या लोकसंचालित साधन केंद्रात गेलात तर त्याची नोंद होते.

हे दुसरीकडे झालेलं आहे. केरळात कुडुंबश्री नावाची बायांच्या गटांची मोठी चळवळ १९९८ पासून चालते. त्यांनी वृद्धसेवेसाठी 'हर्षम' या नावानं बायांना शिकवून तयार केलं. त्या घरी आणि दवाखान्यात जाऊन मोबदला घेऊन सेवा देतात. जपानमध्ये १९७० च्या दशकापासून साठीच्या वरच्या लोकांना गावातच झेपेल इतकं, थोड्या तासांचं काम मिळवून देणारी केंद्रं चालतात. आपल्यालाही पूर्ण दिवसाचं काम नको असतं. दोन तास इथं, दोन तास तिथं, असं काम पन्नाशीच्या बाईला झेपतं आणि घरही सांभाळता येतं.

आता पैशाचा हिशेब करू. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांनी भागलं तर तासाला ३९ रुपये. ही माती उचलण्याची मजुरी झाली. माणूस उचलण्याची त्याहून कमी कशी असेल? समजा गटानं तासाला ५० रुपये ठरवले. सकाळी दोन तास एका घरी, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २,६०० रुपये. अशी तीन घरं धरली तर दिवसाला सहा तास आणि महिन्याला ७,८०० रुपये. आणि ज्या घरी बाई जाते तिथं दोन भाऊ असतील तर एकेकावर १,३०० रुपये येतात. त्या घरची सून मजुरीला जाऊ लागली तर हे पैसे काही दिवसांतच निघतात.

आजीच्या पेन्शनीतून हे पैसे द्यावे, असं काही घरं म्हणतील. त्याला होकार देऊ नका. ते पैसे तिच्या चहाचे, औषधाचे, नातवाच्या हातावर ठेवायच्या खाऊचे आहेत. जबाबदारी मुलांची आहे आणि कायद्यानंही आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा २००७ चा. ज्यांना स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून जगता येत नाही, अशा आई-वडिलांना मुलगा-मुलगी दोघांकडूनही निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा, वकील लागत नाही. जमीन नावावर करून घेताना सांभाळायची अट लिहिलेली असेल आणि नंतर सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा फोन विनामूल्य आहे.

पण ज्यांना कोणीच नाही, शेत नाही, लेकरू नाही, त्यांचं काय? असं विचारलं की सगळ्यांच्या नजरा बचत गटाकडे वळतात. "तुम्ही बाया एवढ्या एकत्र येता, तुम्हीच बघा ना." इथं आम्ही सावध राहायला सांगतो. एखाद दिवस डबा देणं हा शेजारधर्म झाला, तो आपण पाळतोच. पण रोजची सेवा गरीब बायांनी फुकट करायची आणि सरकारनं हात झटकायचे, हे बरोबर नाही. आपल्या संविधानाच्या कलम ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य आणि आजारपण ही तिन्ही एकाच वाक्यात लिहिली आहेत, आणि अशा वेळी राज्यानं साहाय्य करावं असं सांगितलं आहे. म्हणजे काम नसलेली बाई आणि करणारं कोणी नसलेली आजी, दोघींचा विचार त्या कलमानं एकत्रच केला आहे. अशा निराधार आजी-आजोबांकडे जाणाऱ्या बाईचा मोबदला सार्वजनिक पैशातून मागितला पाहिजे. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असतो, तो अशाच अडलेल्या माणसांसाठी आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर वॉकर, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची यांची मागणी ग्रामसभेत करता येते. ६५ च्या वरच्या गरजूंना अशाच साहित्यासाठी वयोश्री योजनेत एकदा ३,००० रुपये मिळतात. आणि ७० च्या वरच्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं, त्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंत दवाखान्याचे उपचार आहेत.

गटानं बाई पाठवायची ठरवली तर काही नियम आधी लिहून काढा. काय करायचं आणि काय नाही, याची यादी दोन्ही घरांकडे असू द्या. 'म्हाताऱ्यांचं करायला' आलेल्या बाईला सगळ्या घराची भांडी घासायला लावू नये. वेळ आणि पैसे कागदावर हवेत. आठवड्यातून एक सुट्टी हवी. पहिल्या दिवशी दोघींनी मिळून जावं आणि दोघींनाही काम माहीत असावं, म्हणजे एक आजारी पडली तर दुसरी जाईल. घरातलं सोनंनाणं घरच्यांनी आधीच बाजूला ठेवावं. चोरीचा आळ हा या कामातला सर्वांत मोठा धाक आहे, आणि तो गरीब बाईवरच येतो. पुरुष रुग्ण असेल आणि बाईला संकोच वाटत असेल तर तिच्यावर जबरदस्ती नको. गावात काम नसलेले पन्नाशीचे पुरुषही आहेत. त्यांनी आजोबांना आंघोळ घातली तर त्यांच्या मिशीचा पीळ जात नाही. शेवटची गोष्ट, प्रत्येकीनं प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढावा. वर्षाला २० रुपये, वय ७० पर्यंत, अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाख.

मग पुढच्या बैठकीत करायचं एवढंच. हप्ते आणि वसुली झाली की वहीचं कोरं पान काढा आणि दोन याद्या करा. एका बाजूला गावातली अशी घरं, जिथं माणूस अंथरुणावर आहे किंवा एकटं आहे. दुसऱ्या बाजूला पंचेचाळीस ते साठ वयाच्या अशा बाया, ज्यांना थोड्या तासांचं काम हवं आहे. दोन्ही याद्या खऱ्या नावांनिशी समोर आल्या की बोलणं आपोआप सुरू होतं. आणि लक्षात ठेवा, या कामाचे भाव आणि नियम आज आपण ठरवले नाहीत तर उद्या दुसरं कोणीतरी येऊन ठरवेल, आणि आपल्यालाच त्या भावात राबावं लागेल. पंधरा-वीस वर्षांनी पहिल्या यादीत आपलीच नावं येणार आहेत. तेव्हा दारात येणारी बाई शिकलेली, विश्वासाची आणि पोटभर जेवून आलेली असावी, असं वाटत असेल तर सुरुवात आपणच केली पाहिजे.

तुमच्या याद्या तयार झाल्या की आम्हाला कळवा.